ऊसतोडीच्या कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) आहाराची माहिती द्यायचीय, कशी द्यावी?

कृष्णाकाठ_वाळवा
नमस्कार. आमच्या बचत गटातल्या आम्ही पाचजणी गावाबाहेर उतरलेल्या ऊसतोड टोळीकडं दर हंगामात जुने कपडे द्यायला जातो. टोळी बीडकडची. यंदा म्हटलं बायकांना, पोरांना आहाराची माहिती पण देऊ, म्हणून मोठा तक्ता नेला, दूध, अंडी, सफरचंद, पालक सगळं होतं त्यात. दुपारी चारला गेलो तर कोप्यांवर नुसती पोरं. आठ-नऊ वर्षांची एक पोरगी वर्षाच्या भावाला काखेत घेऊन चहात बिस्कीट बुडवून भरवत होती, पोराचा दंड अगदी काडी. बाया आल्या अंधार पडल्यावर, त्यांना चुलीची घाई. एकजण तक्त्याकडं बघून म्हणाली, "ताई, हे आम्हाला बी कळतंय, पण आणायचं कुठनं आन शिजवायचं कवा?" मला पुढं बोलायलाच सुचलं नाही. कुणी असं काम केलंय का? काय सांगायचं, कधी जायचं?

अंगणवाडीताई_कराड
ताई तक्ता घरी ठेवा आणि गावातल्या अंगणवाडी सेविकेला सोबत घेऊन जा, तिच्याकडं दंड मोजायची पट्टी असते. ६ महिने ते ५ वर्षांच्या पोरांच्या डाव्या दंडाला लावायची, ११.५ सेंमीच्या खाली लाल म्हणजे अतितीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मधे पिवळा म्हणजे मध्यम कुपोषण. आईच्या समोर लावा, लिहिता-वाचता येत नसलं तरी रंग कळतो. लाल आला किंवा दोन्ही पावलांवर सूज असली, पोर खात नसलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना. आणि बाहेरगावची आहेत म्हणून आहार मिळत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, स्थलांतरित म्हणून नोंद होते. ३ वर्षांच्या आतल्या पोरांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना घरी न्यायचा आहार असतो, ३ ते ६ वर्षांच्यांना अंगणवाडीत गरम. अडचण अंतराची आहे, कोप्या दोन किलोमीटर लांब शिवारात असल्या की एवढंसं पोर चालत येणार कसं, तिथं तुमच्यासारख्या बायांची गरज लागते.

जतचा_गडी
माझे आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला होते, मी कोपीतच वाढलो म्हणून लिहितोय. आई पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, मग फडात, ती थेट अंधारातच परत. धाकट्या भावाला दिवसभर माझी बहीणच भरवायची, तीही दहाच वर्षांची. त्यामुळं तुमची ती पोरगी चुकतीय असं अजिबात समजू नका, तिला चहा-बिस्कीट सोडून दुसरं काही करता येत नाही आणि चूल पेटवू नको म्हणून आईनं बजावलेलं असतं. शिकवायचं तर आधी तिला शिकवा! आमच्याकडं हुलग्याचं माडगं करतात, हुलगे भाजून दळून ठेवायचे, पहाटे आईनं भाकरी झाल्यावर त्याच आरावर पाण्यात पीठ कालवून गूळ घालून आटवायचं, दहा मिनिटात होतं. लहान पोराला पातळ नको, पळीवरनं पटकन ओघळणार नाही एवढं घट्ट. दुपारी पोरीनं हात धुवून नुसतं भरवायचं. सोबत शेंगदाण्याचा कूट आणि गूळ, तो मात्र बारीकच करा, आख्खा दाणा लहान पोराच्या नरड्यात अडकतो. बांधाला तांदुळजा, घोळ फुकट मिळते, पण तणनाशक मारलेल्या रानातली घेऊ नका म्हणावं. आणि जायचं तर आठवडी बाजाराच्या दिवशी, त्या दिवशी बाया जरा निवांत असतात.

सिस्टर_सातारा
वरचं सगळं बरोबर. बायांचं रक्त तपासून घ्या, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली गेलं तर लगेच मोठ्या दवाखान्यात. लोहाची लाल गोळी गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस घ्यायची असते. बाया ती सोडतात कारण मळमळतं आणि शी काळी होते, त्याला घाबरतात. काळी होणारच, ते आधीच सांगायचं. रात्री जेवण झाल्यावर घ्या म्हणावं, आणि चहा गोळीच्या जवळपास नको, चहानं लोह अंगी लागत नाही, भाकरीबरोबर लिंबू पिळलेलं चालतं. अजून एक, आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीला जळजळ घेऊन येतात, हे बाईमाणसानंच बसून विचारावं लागतं.

कृष्णाकाठ_वाळवा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाजाराच्या दिवशी सेविकाताईंना घेऊन गेलो. त्या पोराचा दंड ११.८ भरला, पिवळा. त्याच्या आईनं पट्टी दोनदा लावायला लावली, मग गप्पच बसली. माडगं तिथंच त्यांच्या चुलीवर केलं. पोरीनं पळी उलटी धरून बघितली, म्हणाली, "अजून पातळ हाय," आणि स्वतःच्या हातानं अजून पीठ कालवून घातलं. भावानं अर्धी वाटी खाल्ली. सात पोरांची नोंद झाली, दोघी गरोदर आहेत, त्यांना सोमवारी तपासणीला नेतोय. पण टोळी पंधरा दिवसात पलूस तालुक्यात हलणार आहे म्हणे. तिकडची कुणी सेविका किंवा आशाताई इथं असतील तर मला मेसेज करा, पोरांची यादी आणि दंडाची मापं पाठवते.