कैरोची म्युझियम्स: बाबांसाठी गाईड कसा निवडू?

कमाटीबागेची लेक

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत बाबांना घेऊन कैरोला जायचंय. बाबा ७६ वर्षांचे. बडोद्यात ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मी चौथीत असताना ते मला कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये घेऊन गेले होते आणि तिथल्या ममीसमोर पाऊण तास बोलत उभे होते. काय बोलले ते काही आठवत नाही, मी त्यांचं बोट सोडलं नव्हतं एवढंच आठवतं. "एकदा कैरोचं म्युझियम बघायचंय" हे वाक्य आमच्या घरात तेव्हापासूनचं. आई होती तोवर जमलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला आता दीड वर्ष झालं, डॉक्टर हो म्हणालेत, तेव्हा आणखी लांबवायचं नाही असं ठरवलंय.

हातात चार दिवस आहेत. एका ट्रॅव्हल कंपनीने "एका दिवसात तीन म्युझियम" असा कार्यक्रम दिलाय. २५ जणांचा गट, प्रत्येकाच्या कानात रिसीव्हर. दुसरीकडे तिथलाच एक खासगी गाईड मिळतोय, पण त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे गटाच्या जवळजवळ अडीचपट. म्युझियमच्या स्वतःच्या टूर असतात म्हणे. नाहीतर ऑडिओ गाईड घेऊन आपलं आपण फिरायचं.

बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, मशीन लावतात. सलग दीड तास चालू शकतात, मग बसावं लागतं. पाटीवर लिहिलेलंच कोणी वाचून दाखवायला लागलं तर ते सरळ पुढे निघून जातात. कोणी वयस्कर आईवडिलांना नेलं असेल तर कृपया सांगा. पैशांपेक्षा ही एकच खेप आहे, ती वाया जायला नको.

---

निनाद, ठाणे

ताई, "एका दिवसात तीन" असलं काही घेऊ नका. गेल्या हिवाळ्यात आम्ही गटातून गेलो होतो, कंपनीचं नाव लिहीत नाही. तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममध्ये आम्हाला ५५ मिनिटं मिळाली. त्यातली दहा स्वच्छतागृहापाशी सगळे जमेपर्यंत गेली. त्याच दिवशी पपायरस कागदाच्या दुकानात मात्र चाळीस मिनिटं होती, तिथे चहासुद्धा मिळाला. माझी आई खाफ्रे राजाच्या पुतळ्यासमोर थांबली होती. राजाच्या डोक्यामागे पंख पसरून बसलेला ससाणा तिला बाजूने बघायचा होता. तेवढ्यात कानात आवाज आला की सगळ्यांनी दाराशी यावं. ती गप्प निघाली. मला ते अजून लागतं.

कुठलीही टूर घ्या, दुकानांचे थांबे नकोत हे लेखी घ्या.

---

मालती काकू (पूर्वी कैरो, आता नाशिक)

लेकी, तुझा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही कैरोच्या मादी नावाच्या उपनगरात अडीच वर्षं राहिलो. नातेवाईक, त्यांचे मित्र, मित्रांचे सासरे, सगळ्यांना मी म्युझियममध्ये नेलंय. बरोबर कधी चांगले गाईड मिळाले, कधी वाईट. म्हणून जरा लांबण लावते.

टूर निवडण्याआधी म्युझियम निवड, कारण आता मोठी म्युझियम्स तीन आहेत आणि जुन्या पुस्तकांतले पत्ते बदललेत. तहरीरचं गुलाबी इमारतीतलं म्युझियम १९०२ सालचं. तुझ्या बाबांच्या मनात आहे ते बहुधा हेच. पण तुतनखामेन राजाच्या कबरीतला खजिना आता तिथे नाही, तो गिझाच्या पिरॅमिडजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची दालनं लोकांसाठी उघडली. आणि राजांच्या ममी ३ एप्रिल २०२१ च्या रात्री मिरवणुकीने कैरोच्याच फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती म्युझियममध्ये नेल्या, १८ राजे आणि ४ राण्या. कोणी आजही "तहरीरला तुतनखामेन दाखवतो" म्हणाला तर त्या माणसाशी पुढे बोलूच नकोस.

चार दिवस आहेत ना? मग तीन वेगवेगळे दिवस घे. आणि खासगी गाईडचे पैसे फक्त तहरीरवर खर्च कर. का ते सांगते.

गिझाचं नवीन म्युझियम स्वतःच बोलतं. दालनं मोठी, पाट्या स्वच्छ, उजेड चांगला. दारातून आत गेलं की रामसेस दुसरा या राजाचा पुतळा उभा आहे, ११ मीटर उंच, ८३ टन. हाच पुतळा १९५५ पासून २००६ पर्यंत कैरोच्या रेल्वे स्टेशनसमोर धूर खात उभा होता. बारा मुख्य दालनं आहेत, ती काळानुसारही लावलीत आणि समाज, राजसत्ता, श्रद्धा अशा विषयांनुसारही. इतिहासाच्या शिक्षकाला ती मांडणी समजावून सांगायला कोणी लागणार नाही. तिथे म्युझियमची स्वतःची टूर किंवा ऑडिओ गाईड पुरे. तिकीट मात्र वेळ ठरवून आधीच ऑनलाइन काढ.

फुस्तातला ममींच्या दालनात बोलायला आणि फोटो काढायला मनाई असते. मग आत गाईड काय करणार? बाहेर बाकावर बसून दहा मिनिटांत जे सांगायचं ते सांगून घ्यायचं आणि बाबांना एकटं आत जाऊ द्यायचं.

तहरीरचं वेगळं आहे. तिथे वस्तू दाटीवाटीने मांडलेल्या, काही पाट्या टाइपरायटरवर केलेल्या, पिवळ्या पडलेल्या. गाईड नसेल तर माणूस चाळीस मिनिटांत दमतो आणि सगळे दगड सारखेच दिसायला लागतात. माझ्या दिरांचं तसं झालं होतं. पुढच्या खेपेला मी एक बाई गाईड म्हणून बोलावल्या. पुराण्या इजिप्तच्याच विषयात शिकलेल्या, सरकारी परवान्याचं कार्ड गळ्यात. त्यांनी अडीच तासांत आम्हाला मोजून नऊ वस्तू दाखवल्या.

त्यातल्या एका वस्तूसाठी आम्ही वाकलो होतो. खुफूचा पुतळा, हस्तिदंताचा, साडेसात सेंटिमीटर. माझ्या करंगळीपेक्षा जरा मोठा. १४६ मीटर उंचीचा पिरॅमिड बांधणाऱ्या राजाचा, त्याच्या नावानिशी सापडलेला पूर्ण पुतळा म्हणजे एवढाच. १९०३ मध्ये अबायडोस या गावी पेट्री या ब्रिटिश उत्खननकाराला तो सापडला तेव्हा डोकं नव्हतं. मोडल्याची खूण ताजी होती, म्हणजे खोदतानाच तुटलं असणार. त्याने काम थांबवलं आणि उपसलेली माती तीन आठवडे चाळायला लावली, शेवटी डोकं मिळालं. बाईंनी हे सांगून झाल्यावर आम्हाला काचेजवळ बोलावलं आणि त्या स्वतः मागे सरकल्या. पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. इतक्या बारीक चेहऱ्यावर हट्टी जिवणी दिसते गं. दीर नंतर जेवताना फक्त त्या मातीबद्दल बोलत होते.

दुसरा का-अपेर या पुरोहिताचा लाकडी पुतळा. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, सक्कारात सापडलेला. खोदणाऱ्या मजुरांनी तो बघितला आणि म्हणाले, अरे, हा तर आपला शेख अल-बलद! म्हणजे आपला गावचा पाटील. त्यांच्या पाटलाचं हुबेहूब तसंच पोट, तसेच गाल. ते नाव आजतागायत टिकलंय. डोळे स्फटिकाचे, कडा तांब्याची. बाईंनी मोबाइलची विजेरी तिरकी धरली आणि डोळा जिवंत झाला. मी दचकले होते. पाटीवर हे कुठून कळणार?

आता गाईड कसा ओळखायचा. त्याला आधी लिहून विचार: "अडीच तासांत तुम्ही काय दाखवणार नाही?" सगळं दाखवतो म्हणणारा नको. आमच्या बाईंनी उत्तर दिलं होतं की वरच्या मजल्यावर नेणार नाही, कारण तुमच्याबरोबर वयस्कर माणूस आहे आणि मला हवं ते बहुतेक खालीच आहे. खरंच आहे ते. नार्मर राजाची कोरीव दगडी पाटी, खाफ्रे, का-अपेर, खुफू, राहोतेप आणि नोफ्रेत हे जोडपं, अखेनातेन राजाचे लांबट चेहऱ्याचे पुतळे, सगळं तळमजल्यावर. आत शिरून डावीकडे वळलं की घड्याळाच्या काट्याप्रमाणे काळ पुढे सरकत जातो.

आणि पैसे देण्याआधी गाईडला बाबांशी दहा मिनिटं फोनवर बोलायला लाव. उच्चार बाबांना कळतात का, बाबा बोलत असताना तो ऐकतो का, तिथेच समजेल.

---

सारंग_क

काकूंचा प्रतिसाद उत्तम, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. नव्या म्युझियमलाही निदान तुतनखामेनच्या दालनांपुरता गाईड घ्यावा. तिथे ५ हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि सगळी गर्दी सोन्याच्या मुखवट्याकडे धावते. आम्हाला गाईडने आधी राजाच्या चपला आणि हातमोजे दाखवले. कापडाचे हातमोजे, ३३०० वर्षांपूर्वीचे. माझी दहा वर्षांची मुलगी तिथून हलेना. आपण होऊन गेलो असतो तर त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नसतं. मुखवटा काय, तो दिसतोच.

खुफूची होडी चुकवू नका. १९५४ मध्ये पिरॅमिडच्या पायथ्याशी सुट्या तुकड्यांत सापडली, जोडायला वर्षं लागली, ४० मीटरहून लांब आहे. तिची इमारत वेगळी, त्यामुळे दमल्यावर लोक तिकडे जायचं टाळतात. मोठ्या जिन्याची काळजी नको, शेजारी यांत्रिक सोय आहे. व्हीलचेअर आधी विचारून ठेवा, अभिमान आड येऊ देऊ नका. जिन्याच्या माथ्यावर काचेतून पिरॅमिड दिसतात, तिथे बसायचा वेळ कार्यक्रमात धरा.

---

कमाटीबागेची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पाटलाच्या गोष्टीला ते उठून बसले.

एक विचारायचं राहिलं. कानाच्या मशीनचं काय करू? गटात जे रिसीव्हर देतात ते कानात अडकवायचे असतात ना? मशीनवर ते बसणार नाहीत.

---

मालती काकू

बसत नाहीत, मशीन शिट्टी मारतं. माझ्या सासूबाईंचा तोच अनुभव. आम्ही घरून कानावर पूर्ण झाकून बसणारा साधा वायरवाला हेडफोन नेला, तो मशीनच्या वरून लावला आणि रिसीव्हरच्या पिनेला जोडला. छान चाललं. पण दोघांपुरता गाईड असेल तर त्याला फक्त एवढंच सांग की बाबांच्या उजव्या बाजूने चालायचं आणि तोंड वस्तूकडे न करता बाबांकडे करून बोलायचं. जमलं तर सकाळी दार उघडताच आत जा. अकराच्या सुमारास गट येतात, मग दगडी दालनांत आवाज घुमतो आणि मशीनमधून नुसता गोंगाट ऐकू येतो. बॅटरीची जास्तीची पाकिटं ठेव.

आणखी एक. काही वस्तू प्रदर्शनांसाठी परदेशी गेलेल्या असतात. बाबांनी मनात जे धरलंय ते आज जागेवर आहे का, हे गाईडकडून आठवडाभर आधी विचारून घे. तिथे जाऊन रिकामी काच बघायला लागू नये.

सारंग म्हणतात ते पटलं. चपलांसाठी गाईड घे.

---

निनाद, ठाणे

काकू, तहरीरच्या वरच्या मजल्यावर तानिसच्या राजांच्या कबरींतलं सोनं आहे ना? सुसेनेस राजाचा मुखवटा?

---

मालती काकू

आहे, आणि फार सुंदर आहे. माँते या फ्रेंच उत्खननकाराने सुसेनेसची कबर १९४० मध्ये उघडली, तेव्हा युरोपात युद्ध पेटलेलं, त्यामुळे तुतनखामेनची कबर शोधणाऱ्या कार्टरच्या १९२२ च्या शोधाचा जसा गाजावाजा झाला तसा याचा झाला नाही. पण ताईच्या बाबांचा गुडघा बघता आधी खालचं, मग अर्धा तास बसायचं, आणि स्वतः म्हणाले तरच वर. वर जायचं ठरलं तर खालच्या दोन वस्तू कमी करायच्या. दहावी वाढवायची नाही.

---

कमाटीबागेची लेक

ठरलं मंडळी. तीन गाईडना काकूंचा प्रश्न पाठवला होता. एकाने चाळीस वस्तूंची यादी पाठवली. एकाचं उत्तर आलं नाही. तिसऱ्या बाई. त्यांनी उलट विचारलं, "तुमचे वडील काय शिकवायचे?" मग फोन जोडून दिला. दहा मिनिटांचं बोलणं पस्तीस मिनिटं चाललं. बाबांनी त्यांना कमाटीबागेतल्या ममीबद्दल सांगितलं. त्यांना बडोद्यात ममी आहे हे माहीत नव्हतं, त्यांनी फोटो मागितला. उद्या रविवार, मी आणि बाबा तो काढायला म्युझियममध्ये जातोय.

तहरीरला अडीच तास, आठ वस्तू, वरचा मजला नाही. गिझाला तुतनखामेनच्या दालनांपुरत्या त्याच बाई, बाकी आम्ही दोघं. फुस्तातला बाबा एकटे आत जाणार, मी बाहेर बाकावर.

मोठा हेडफोन आणलाय. बाबांनी आपली जुनी विजेरी काढून नवे सेल घातलेत आणि ती आत्ताच बॅगेत ठेवलीये, निघायला अजून सहा आठवडे आहेत तरी.