शनिवारचं तिकीट आधीच काढू का? (सेंट जॉन्स बास्केटबॉल)

फ्लशिंगवाली (17 मार्च 2025)
मंडळी, प्रश्न वेडेपणाचा आहे, तरी विचारते. गुरुवारी रात्री प्रॉव्हिडन्सला एनसीएए स्पर्धेत (अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा) आमच्या सेंट जॉन्सची, म्हणजे न्यूयॉर्कच्या आमच्या विद्यापीठाची, ओमाहाशी मॅच आहे. जिंकलो तर शनिवारी तिथेच कॅन्सस नाहीतर आर्कान्सास. शनिवारचं तिकीट आत्ता काढून ठेवू, की गुरुवारचा निकाल बघून? आधी काढलं आणि दृष्ट लागली तर?

हसू नका. मी 2003 साली इथे फार्मसी शिकायला आले. त्या मोसमात टीम 6 जिंकली, 21 हरली. युटोपिया पार्कवेवरच्या जिममध्ये माझ्या दप्तरालासुद्धा वेगळी खुर्ची मिळायची. मग कोच आले नि गेले, आमचा लाडका माजी खेळाडू क्रिस मलिनही कोच होऊन गेला, पण एनसीएए स्पर्धेत 2000 नंतर एक विजय नाही.

आणि यंदा 30 विजय, 4 पराभव! मार्क्वेटला जादा वेळेत एजिओफोरने शेवटच्या क्षणी बॉल टाकला तेव्हा मी किंचाळले, आणि खालच्या मजल्यावरून काठीने ठोकलं. परवा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्रेटनला 82-66 हरवून बिग ईस्टचा, म्हणजे आमच्या लीगचा, चषक, तोही 25 वर्षांनी. आरजे लुईसने दुसऱ्या हाफमध्ये एकट्याने 27 गुण काढले. शेजारच्या आजोबांनी आमचे जुने कोच लू कार्नेसेका घालायचे तसला रंगीबेरंगी स्वेटर घातला होता. (लू नोव्हेंबरात गेले, 99 वर्षांचे होऊन.) सगळं गार्डन उभं, आणि हे आपले बसून स्वेटरची बाही पिरगाळतायत.

नवरा म्हणतो, तिकीट काढ आणि एकदाची गप्प बस.

नागपूरी पॉइंटगार्ड
ताई, काढा. फायनल मीपण पहाटे चारला उठून पाहिली. ही टीम नशिबावर जिंकत नाहीये. कोच पिटिनोंचा प्रेस बघा. बास्केट झाली रे झाली की पूर्ण कोर्टभर अंगाला चिकटायचं. समोरच्याला दहा सेकंदांत अर्धरेषा ओलांडायची असते, आणि ओलांडली तरी शॉट मारायला मिळणाऱ्या तीस सेकंदांतले सात-आठ गेलेले असतात. मी कॉलेजात असताना असा प्रेस लागला की मला बास्केट दिसायचीच नाही, नुसती साइडलाइन दिसायची.

एक भीती मात्र आहे. तुमच्या पोरांचे थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) पडत नाहीत, तीस टक्क्यांच्या आसपास. एजिओफोर आत घुसून रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) ओढतो म्हणून झाकलं जातं. एखाद्या दिवशी तेही नाही जमलं तर अवघड आहे.

खवचट
पुनरुज्जीवन कसलं, खरेदी म्हणा. श्रीमंत माजी विद्यार्थी माइक रेपोलेंचे पैसे आणि ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंनी कॉलेज बदलायची सोय). लुईस मॅसॅच्युसेट्सहून, एजिओफोर कॅन्ससहून, रिचमंड सीटन हॉलहून. पिटिनोंचं लुईव्हिलमधलं 2013चं विजेतेपद एनसीएएने काढून घेतलं, तेही विसरू नका.

फ्लशिंगवाली
नाही विसरले. पण एजिओफोर इथे दोन मोसम घाम गाळतोय, त्याला पाहुणा कसं म्हणू? आणि विकत आणलेली भाजीसुद्धा कुणीतरी शिजवावी लागतेच की. पिटिनोंनी नेलेली ही सहावी कॉलेज टीम आहे या स्पर्धेत. माणूस आवडो न आवडो, हाताला चव आहे.

एडिसनकर
रिचमंडचं नाव कशाला काढलंत! आम्ही सीटन हॉलवाले. तो तुमच्याकडे गेला आणि आम्ही यंदा 7 जिंकलो, 25 हरलो. ताई, तिकीट काढा. आमच्या वाटचंही ओरडून या.

फ्लशिंगवाली (23 मार्च)
काढलं होतं. गुरुवारी 83-53, नाइट ड्यूटीवर चोरून स्कोअर बघत होते. शनिवारी पेन स्टेशनवरून सकाळची गाडी पकडली, डब्यात निम्मे लाल शर्ट. आर्कान्सास 75, आम्ही 66. नागपूरकर, तुमच्या तोंडात साखर कशी घालू? बावीस थ्री मारले, दोन पडले. बॉल रिंगवर आदळल्याचा तो टणक आवाज अजून कानात आहे. लुईसचे सतरा शॉटांतले तीन, आणि शेवटची जवळजवळ पाच मिनिटं पिटिनोंनी त्याला बाकावरच बसवलं. कोचचा राग एवढा आला की परतीच्या गाडीत डबासुद्धा उघडला नाही.

दृष्ट वगैरे काही नाही, बॉल पडत नव्हता. पुढच्या मोसमाची तिकिटं कधी निघतात ते कुणाला कळलं तर इथे टाका.

एडिसनकर, तुमच्या वाटचं ओरडले. घसा अजून बसलेला आहे.