मदत हवी आहे: बाबांच्या शर्टांचा लेकीसाठी फ्रॉक

नमस्कार मंडळी. बाबांचे तीन सुती चौकडीचे शर्ट आई फरशी पुसायला काढत होती, ते मी उचलून आणले. कॉलर आणि कफ विरलेत, पण पाठीचं कापड धड आहे, धुऊन धुऊन मऊसूत झालेलं. त्यातून ९ वर्षांच्या लेकीला घेरदार फ्रॉक शिवायचाय. बटणपट्टी तशीच ठेवून पाठीवर घेणार आहे. काजं करावी लागणार नाहीत आणि आजोबांचा शर्ट ओळखूही येईल. हे मला फार हवंय.

योक, म्हणजे खांद्या-छातीवरचा वरचा तुकडा, माझ्या जुन्या जीन्सचं, आणि इथेच अडलंय. मुंढ्यापाशी (बाहीच्या गोलाईपाशी) जीन्सची जाड शिवण आली आणि १४ नंबरची सुई मोडली. आता १६ नंबरची आणलीय. पण योकला आतून जीन्सच लावली तर खांदा फारच जाड होतो. अस्तर शर्टाच्याच कापडाचं दिलं तर चालेल का?

दुसरं, चुण्या. लांब टाक्याची एकच ओळ घालून दोरा ओढला तर मध्येच तुटला, आणि सगळा घेर एका बाजूला गोळा झाला. दोन ओळी घालू का? की हाताने धावदोरा घालणं बरं?

तिन्ही चौकड्या वेगळ्या आहेत. उभे पट्टे जोडू की एकाखाली एक झालर? मशीन पायाचं, साधं आहे. एक शर्ट कापून झालाय, उरलेल्या दोघांना तुमचं उत्तर आल्याशिवाय कात्री लावणार नाही. कुणी असा फ्रॉक शिवला असेल तर फोटो नक्की टाका.