रात्री साडेनऊचं युद्ध, आमच्या हॉलमध्ये

कोथरूडकर:
मंडळी, एक मदत हवीय. युद्ध गाझात नाहीतर युक्रेनमध्ये, पण आवाज रोज रात्री आमच्या हॉलमध्ये. बाबा हिंदी चॅनल लावतात, मी मोबाईलवर बीबीसी नाहीतर अल जझीरा बघत असतो, सकाळी दारात पेपर आहेच, आणि एकाच हल्ल्याच्या तीन बातम्या वाचून डोकं भंजाळतं. एकीकडे 'दहशतवादी ठार', दुसरीकडे नुसतेच 'नागरिक दगावले', कोणी मारलं त्याचा पत्ताच नाही. बाबा म्हणतात तुझे ते गोरे विकले गेलेत, मी म्हणतो तुमचा अँकर किंचाळतो. वाचायचं तरी काय? 'सगळेच बायस्ड असतात' हे उत्तर नको, ते आईने आधीच दिलंय.

रात्रपाळीवाला:
एका मराठी पेपरच्या डेस्कवर बरीच वर्षं काढलीत, कुठला ते विचारू नका. अहो परदेशात आपला माणूस नसतोच, रॉयटर्स, एपी, एएफपी, पीटीआय या वृत्तसंस्थांची इंग्रजी कॉपी येते आणि पान सोडायची वेळ डोक्यावर असते, मग धडाधड भाषांतर. 'मिलिटंट' आला की अतिरेकी लिहू, दहशतवादी लिहू, बंडखोर लिहू की सशस्त्र गट? एजन्सीने तो शब्द तोलून मापून टाकलेला असतो आणि आम्ही हेडिंगच्या कॉलमात बसेल तो ठोकायचो. वरून कोणाचा फोन वगैरे काही नाही हो, निव्वळ सवय. आपल्याला जवळचा वाटतो तो 'हुतात्मा', दुसऱ्याचा 'खात्मा'. आणि 'ठार' म्हटलं की मारणारा शोधावा लागतो, 'मृत्यू' म्हटलं की सुटलो.

डेक्कनचा चहा:
बाबांचंही अगदीच चूक नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला गाझात अल-अहली हॉस्पिटलमध्ये स्फोट झाला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पॅलेस्टिनींच्या हवाल्याने इस्रायली हल्ला असं हेडिंग दिलं, मग बदललं, आणि काही दिवसांनी हमासच्या दाव्यावर जरा जास्तच विसंबलो असं छापून कबूल केलं. अल जझीराला पैसा कतारचा, तेही लक्षात ठेव. पण बाबांना हेही सांग की मे २०२५ मध्ये आपल्या चॅनलांवर कराची बंदर उद्ध्वस्त झालेलं बघत मी रात्रभर जागलो, सकाळी बंदर जागच्या जागी. स्टुडिओत भोंगे तर इतके वाजवले की सरकारला सांगावं लागलं, बाबांनो हवाई हल्ल्याचा भोंगा कार्यक्रमात वाजवू नका, खरा वाजला तर लोक लक्ष देणार नाहीत.

मुळामुठा:
जे दाखवतच नाहीत त्याचं काय? सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांशी लढतायत, लाखो लोक घर सोडून पळाले, विचार हॉलमध्ये कोणाला माहितीय का. आणि गाझात परदेशी पत्रकारांना इस्रायली सैन्याबरोबरच जाता येतं, एरवी नाही, त्यामुळे 'आमचा प्रतिनिधी थेट' म्हणाले की मी आधी बघते हा उभा कुठंय, जेरुसलेमच्या गच्चीवर की आणखी कुठं.

कोथरूडकर:
रात्रपाळीवाले, तुमचा रिप्लाय बाबांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. आज सकाळी बघतो तर चहाबरोबर लाल पेन घेऊन बसलेले, पेपरात 'दगावले'खाली रेघ, आणि मला विचारतात, का रे, आजारी होते का हे लोक? टीव्ही मात्र साडेनऊला लागलाच.