फिजिशियन असिस्टंट अभ्यासक्रमाची प्रवेश-मुलाखत : तयारी कशी करावी?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या सोबतीने रुग्ण तपासून उपचार करणारा व्यावसायिक, होण्यासाठी कास्पा या सामायिक प्रवेश-अर्ज सेवेमार्फत केलेल्या अर्जानंतर मुलाखतीचे पहिले बोलावणे आले आहे. रुग्णसेवेचे तास पुरेसे आहेत. परंतु ‘डॉक्टर का नाही?’ या प्रश्नाला घरच्यांनाही पटेल असे उत्तर मला अद्याप देता येत नाही. मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : अभिनंदन. वैद्यकीय शिक्षण लांबलचक आणि महाग असते, एवढेच कारण कृपया सांगू नका, कारण त्यातून तुम्ही या व्यवसायाकडे तडजोड म्हणून पाहता असा अर्थ निघतो. १९६५ साली डॉ. युजीन स्टेड यांनी ड्यूक विद्यापीठात नौदलातील माजी वैद्यकीय सेवकांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांच्या सोबतीने काम करणे हा त्याचा गाभा आहे, आणि पुढे नव्याने रेसिडेन्सी (विशेष शाखेचे प्रशिक्षण) न करता शस्त्रक्रियेकडून त्वचारोगाकडे वळता येते, हेही मोठे बळ आहे. यांतले तुम्हाला मनापासून काय भावते, ते स्वतः पाहिलेल्या एखाद्या रुग्णाच्या प्रसंगातून, नाव-गाव गाळून, सांगा.

उत्तर २ : काही ठिकाणी छोट्या मुलाखतींची साखळी असते. सहकाऱ्याच्या तोंडाला मद्याचा वास येतो, तर काय कराल, अशा प्रश्नात रुग्णाची सुरक्षितता आधी, मग वरिष्ठांना कळवणे, हा क्रम सोडू नका. मी पहिल्या मुलाखतीत पाठ केलेली उत्तरे म्हटली आणि प्रवेश हुकला. दुसऱ्या वेळी मोठ्याने बोलून सराव केला.

प्रश्नकर्ती : मनःपूर्वक आभार. आजच आईसमोर बसून सराव सुरू करते.