मदत हवी आहे: बिनतळाच्या पिरॅमिड तंबूत रात्री पाणी, गळती की दव?

धागाकर्ता
तंबू सिलनायलॉनचा (सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचा), तळ २७० × २७० सेंमी, उंची १४० सेंमी, मध्ये एकच ट्रेकिंग पोल. झोपणारे दोघे. अडचणी तीन:
१) पहाटे कापड ढिलं पडून स्लीपिंग बॅगला चिकटतं.
२) आतून थेंब पडतात. शिवण गळते की बाष्प, कळत नाही.
३) जोराच्या पावसात कडेने ओल आत येते. ग्राउंडशीट २७० × २७० चीच आहे.
तळ असलेला तंबू घ्यायचा नाही, वजन वाढतं. काय बदलावं?

रानवाट
तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. ग्राउंडशीट तंबूएवढी असली की कापडावरून ओघळणारी पागोळी थेट तिच्यावर पडते आणि शीटच्या उतारानं आत येते. चारही बाजूंनी निदान १५-२० सेंमी आत घ्या. खरं तर एक अख्खी शीट लागतच नाही. पोल मध्ये असल्यानं माणसं त्याच्या दोन बाजूंना झोपतात. प्रत्येकी ७५ × २१० सेंमीचा तुकडा पुरतो, आणि मधल्या उघड्या जमिनीवर ओले बूट ठेवता येतात. बिनतळाचा हाच तर फायदा!

जागाही तपासा. खूप वापरातली, तुडवून टणक झालेली सपाट जागा बहुधा मध्ये किंचित खोलगट असते. तिथे पाणी मुरत नाही, साचतं, शिवाय थेंब आपटून चिखल आत उडतो. गवत किंवा पालापाचोळा असलेली, जराशी उंच जागा बघा. भोवती चर मात्र खणू नका. जमिनीची धूप होते, आणि जागा बरोबर असेल तर चराची गरजही पडत नाही.

खुंटीदोरी
दुसऱ्याबद्दल. आतलं कापड फडक्यानं कोरडं पुसा आणि अर्ध्या तासानं बॅटरी मारून पाहा. थेंब सगळीकडे सारखे आले तर बाष्प. फक्त शिवणीखाली किंवा शेंड्याजवळ रेघेत आले तर गळती. बाष्पाचे थेंब पाऊस आपटल्यानं झटकले जातात आणि वरून तुषार आल्यासारखे वाटतात. पुष्कळांना ती गळतीच वाटते.

गळती असेल तर: शुद्ध सिलिकॉन सीलंट १ भाग, मिनरल टर्पेंटाइन २-३ भाग, नीट ढवळून ब्रशने शिवणीवर बाहेरून. तंबू ताणून उभा असतानाच लावा, म्हणजे सुईची भोकं उघडी असतात. पूर्ण एक दिवस वाळू द्या, मग वर टाल्कम पावडर भुरभुरा, नाहीतर घडीत कापड कापडाला चिकटतं. पीयूचं (पॉलियुरेथेनचं) सीलंट किंवा टेप इथे चालत नाही. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडावर ते धरत नाही.

बाष्प असेल तर कडा जमिनीपासून ५-८ सेंमी उचला आणि शेंड्याचं झरोकं उघडं ठेवा. खालून हवा शिरली तरच वरून निघते. नुसतं झरोकं उघडून काही होत नाही. जोरात पाऊस-वारा असेल तर वाऱ्याकडची कड खाली, उलट बाजूची वर. पाणवठ्याकाठी आणि दरीच्या तळाशी गार, दमट हवा साचते, तिथे कितीही झरोकी केलीत तरी दव येणारच.

धागाकर्ता
शीटचं पटलं. पण कडा ८ सेंमी उचलल्या की कापड आणखी ढिलं नाही का पडणार?

खुंटीदोरी
पोल तेवढाच ठेवलात तर पडेल. कड जितकी वर, तितकाच पोल वर: १४८ सेंमी. पुष्कळ पोल १३५ च्या आसपास संपतात. दोन पोल पट्ट्यांनी जोडा, किंवा खाली सपाट दगड ठेवा.

आता पहाटेचं ढिलेपण. नायलॉन पाणी शोषतो आणि लांबतो, त्यात तुमचा दोष नाही. पॉलिएस्टर इतका लांबत नाही. उपाय सोपा: झोपण्याआधी आतूनच पोल २-३ सेंमी वाढवा. चारही पाखं (तंबूच्या उतरत्या बाजू) एकदम ताणली जातात, बाहेर जावं लागत नाही. त्यासाठी सुरुवातीला पोलमध्ये तेवढी जागा राखून ठेवा.

रानवाट
हे तेव्हाच जमतं जेव्हा तळ खरा चौकोनी असेल. आधी दाराची चेन लावा, मग चार कोपरे ठोका. उघड्या चेनने ठोकलेला तंबू नंतर बंद होत नाही. दोन्ही कर्ण सारखे हवेत, तुमच्या मापाला सुमारे ३८२ सेंमी. मग पोल, आणि मधल्या खुंट्या शेवटी.

डोंगरउतार
कोपऱ्यांच्या दोऱ्यांत इलॅस्टिकचा तुकडा घातला तरी ढिलेपण आपोआप भरून निघतं.

खुंटीदोरी
शांत रात्री हो. वाऱ्यात मात्र इलॅस्टिक ताणतं, पाख आत दबते आणि झटक्यांनी खुंटी उपटते. पाखांच्या मधल्या फासांना ठीक, कोपऱ्यांना नको.

धागाकर्ता
झोपताना पायाकडे कापड टेकतं, त्याचं काय?

रानवाट
१९० सेंमीची गादी मधोमध ठेवलीत तर दोन्ही टोकांना ४० सेंमी उरतात, आणि तिथे कापडाची उंची साधारण ४१ सेंमी असते. पुरेशी आहे. बहुधा गादी पायाकडे सरकत असणार. उतार असेल तर डोकं वरच्या बाजूला, आणि गादीखाली शीटवर सिलिकॉनचे चार-पाच ठिपके, म्हणजे घसरत नाही.