मदत हवी आहे: 1952 चे खासदार नक्की कोण? (तातडीचे)

वाचनवेडा: वाचनालयात शहराच्या आजवरच्या खासदारांचा फलक लावतोय. रंगाऱ्याला उद्या मजकूर द्यायचाय. 1952 ला एका यादीत एक नाव, दुसरीत भलतंच. बरोबर कोणतं? लवकर सांगा.

मुळाकाठ: शहर कोणतं? नावं कोणती?



वाचनवेडा: अहो, पुणे! काकासाहेब गाडगीळ की इंदिराबाई मायदेव?

जुनी_कात्रणं: दोघंही. तेव्हा पुणे मध्य आणि पुणे दक्षिण अशा दोन जागा होत्या. मध्यमधून गाडगीळ, दक्षिणमधून मायदेव, दोघेही काँग्रेसचे. पुढे 1957 ना. ग. गोरे, 1962 शंकरराव मोरे, 1967 एस. एम. जोशी. मोहन धारिया 1971 ला काँग्रेसकडून आणि 1977 ला जनता पक्षाकडून, म्हणून पक्षाचा रकाना ठेवाच.

पेठकर: एकच ओळ असेल तर गाडगीळ लिहा. नेहरूंच्या मंत्रिमंडळात होते. 1957 ला गोऱ्यांकडून हरले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत. स्वतः मुंबईसह महाराष्ट्राच्या बाजूचे, पण काँग्रेसचं तिकीट नडलं.

मुळाकाठ: मंत्री होते म्हणून मायदेवांना गाळायचं? त्यांच्यानंतर पुण्याच्या जागेवरून एकही बाई लोकसभेत गेलेली नाही. दोन ओळी करा, रंगारी करेल.

पेठकर: सिंहगड रस्त्याच्या खासदार सुप्रिया सुळेच आहेत की.

मुळाकाठ: खडकवासला बारामती मतदारसंघात आहे म्हणून. मी पुण्याच्या जागेबद्दल बोलतोय.

वाचनवेडा: भांडू नका, पुढची नावं द्या.

जुनी_कात्रणं: 1980, 84, 89 विठ्ठलराव गाडगीळ, म्हणजे काकासाहेबांचे चिरंजीव. 1991 अण्णा जोशी, 96 सुरेश कलमाडी, 98 विठ्ठल तुपे, 99 प्रदीप रावत, 2004 आणि 2009 परत कलमाडी, 2014 अनिल शिरोळे, 2019 गिरीश बापट, 2024 मुरलीधर मोहोळ.

पेठकर: 98 ला कलमाडी अपक्ष होते, भाजप-सेनेच्या पाठिंब्यावर. तरी तुप्यांनी हरवलं. ती निवडणूक विसरण्यासारखी नाही.

मुळाकाठ: बापटांपुढे 2024 पर्यंत रेघ ओढू नका. ते 29 मार्च 2023 ला गेले आणि पोटनिवडणूक झालीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरात ती ताबडतोब घ्यायला सांगितलं, तर जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. एवढं मोठं शहर वर्षभराहून जास्त खासदाराविना राहिलं, हे फलकावर दिसलंच पाहिजे. 'जागा रिक्त' असं स्पष्ट लिहा.

जुनी_कात्रणं: वाचनालय नक्की कुठे आहे?

वाचनवेडा: हडपसरला. त्याचा काय संबंध?

जुनी_कात्रणं: 2009 पासून हडपसर शिरूर मतदारसंघात आहे. म्हणजे तुमचे खासदार 2009 आणि 2014 ला आढळराव पाटील, 2019 पासून अमोल कोल्हे. मोहोळांना तुमच्या वाचकांनी मतच दिलेलं नाही. 2009 पासून दोन रकाने करा, पुणे आणि शिरूर.

वाचनवेडा: फलक चार फुटांचाच आहे. रंगाऱ्याला फोन करतो. मायदेव की मायदेवबाई, फलकावर कसं लिहायचं तेवढं सांगा.

पेठकर: इंदिरा अनंत मायदेव, पूर्ण नाव लिहा.